मुंग्या आल्या म्हणजे पावडर लागू पडली का?

आमच्या जिममध्ये हल्ली एक मुलगा येतो. १९ वर्षांचा, वजन ५५ किलो. परवा संध्याकाळी सातच्या सुमाराला बेंचवर बसून तो सारखा कान आणि गाल खाजवत होता. म्हटलं, काय रे, काही चावलं का? तर म्हणाला, "नाही दादा, प्री-वर्कआउट लागलंय. मुंग्या यायला लागल्या की समजायचं, माल अस्सल आहे." प्री-वर्कआउट म्हणजे व्यायामाआधी पाण्यात कालवून घ्यायची उत्तेजक पावडर. पिशवीतून डबा काढून त्याने माझ्या हातात दिला. मला हे डबे वाचायची जुनी सवय आहे. त्या दिवशी आम्ही दोघं कोपऱ्यातल्या बाकावर बसलो आणि मागची बारीक अक्षरं ओळ न् ओळ वाचून काढली. मोबाइलवर गणितं केली. इतकं साधं गणित त्याला आजवर कोणी करून दाखवलं नव्हतं याचं मला वाईट वाटलं, म्हणून ते इथे सविस्तर मांडतोय.

आधी त्या मुंग्यांचं. त्या बीटा-ॲलनिनमुळे येतात. हे एक अमिनो आम्ल आहे. एका वेळी साधारण ८०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात गेलं की ते त्वचेतल्या काही मज्जातंतूंना चेतवतं. मग चेहरा, मान, हाताची पाठ इथे टोचतं, खाजतं. तास-दीड तासात ते आपोआप शमतं आणि त्याने अपाय होत नाही. पण हा सगळा खेळ त्वचेतला आहे. स्नायूत बीटा-ॲलनिनचं काम फार सावकाश चालतं. तिथे ते हिस्टिडिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लाशी जुळून कार्नोसिन तयार होतं. जोर लावताना स्नायूत आम्लता वाढत जाते, ती हे कार्नोसिन काही प्रमाणात झेलतं. त्याचा साठा भरायला रोज ३.२ ते ६.४ ग्रॅम, आणि तेही निदान चार आठवडे, असं चालू ठेवावं लागतं. आज घेतलेला स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा चमचाभर पावडर, आजच्या सेटला काहीही देत नाही.

त्या डब्यात एका स्कूपमागे १.६ ग्रॅम बीटा-ॲलनिन होतं. हा मुलगा आठवड्यातून चार दिवस येतो आणि त्याच चार दिवशी पावडर घेतो. म्हणजे आठवड्याला ६.४ ग्रॅम. कमीत कमी लागतं ३.२ गुणिले ७, म्हणजे २२.४ ग्रॅम. तिसरा हिस्सासुद्धा पोटात जात नाही. शिवाय बीटा-ॲलनिनचा फायदा दिसतो तो साधारण एक ते चार मिनिटं चालणाऱ्या दमछाकीच्या कामात, जसं ४०० किंवा ८०० मीटर धावणं. पाच रेप्सचा, म्हणजे वजन सलग पाचदा वर ढकलण्याचा, बेंच प्रेसचा सेट वीस सेकंदांत संपतो. तिथे आम्लता आड येण्याआधीच बार रॅकवर परत गेलेला असतो.

तरीही हा घटक जवळपास प्रत्येक डब्यात सापडतो. २०१९ साली बाजारातल्या आघाडीच्या १०० प्री-वर्कआउटच्या लेबलांची छाननी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८७ टक्क्यांत बीटा-ॲलनिन होतं, आणि सरासरी मात्रा होती २ ग्रॅम. माझं मत विचाराल तर त्याचं मोठं कारण या मुंग्याच आहेत. जे लगेच जाणवतं त्याची खात्री पटते. पण डब्यातले घटक जाणवण्याच्या आणि काम करण्याच्या बाबतीत एकसारखे नाहीत. काही जाणवतात आणि काम करतात, काही नुसतेच जाणवतात, आणि एक घटक मुळीच जाणवत नाही पण काम सगळ्यांत चोख करतो. हा फरक मनाशी पक्का धरला की लेबल वाचणं निम्मं सोपं होतं.

नुसतं जाणवण्याचा नमुना म्हणजे नायसिन, अर्थात बी-३ जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला दिवसाला १४ ते १६ मिलिग्रॅम पुरतं. एका दमात ३०-५० मिलिग्रॅम घेतलं की अनेकांचा चेहरा आणि छाती लाल होते, गरम वाटतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, एवढंच. त्या लालीला पंप, म्हणजे व्यायामात स्नायू रक्ताने टच्च फुगणं, समजू नका.

आणि मुळीच न जाणवणारा घटक म्हणजे क्रिएटिन. स्नायूत काही सेकंदांच्या जोरासाठी जी तातडीची ऊर्जा लागते ती भरून काढायला ते मदत करतं. ताकद आणि रेप्स वाढवणाऱ्या पूरकांमध्ये याच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच दुसऱ्या कशामागे असेल. रोज ३ ते ५ ग्रॅम, सुट्टीच्या दिवशीही. सकाळी घ्या, रात्री घ्या, फारसा फरक पडत नाही, कारण ते साठून काम करतं. रोज ३ ग्रॅम घेतलं तर साठा भरायला चारेक आठवडे लागतात. पहिले पाच-सात दिवस २० ग्रॅम चार भागांत घेतलं तर लवकर भरतो, इतकाच फरक. साधं मोनोहायड्रेट पुरे. हायड्रोक्लोराइड, एथिल एस्टर वगैरे रूपं त्याहून सरस असल्याचं दिसलेलं नाही, आणि एथिल एस्टर तर तुलनेत कमीच पडलं. आमच्या डब्यात क्रिएटिन होतं १ ग्रॅम, तेही आठवड्यातून चारदा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत.

आता कॅफिन. याच्यावर मी मुद्दाम वेळ घालवणार आहे, कारण डब्यात लगेच काम करणारा मुख्य घटक हाच आहे आणि अंगाशी येऊ शकणाराही हाच.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य हळूहळू साचत जातं आणि ठरावीक जागी बसून थकव्याची वर्दी देतं. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळताजुळता असल्याने ते आधीच त्या जागा अडवून बसतं. थकवा जिथल्या तिथे असतो, पण वर्दी पोहोचत नाही. त्यामुळे तेच वजन थोडं हलकं वाटतं, आणखी एक-दोन रेप्स रेटता येतात, धावताना दम टिकतो. घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात ते रक्तात शिगेला पोहोचतं, म्हणून व्यायामाआधी तेवढा वेळ सोडायचा.

मात्रा वजनावर ठरते. खेळाडूंवरच्या अभ्यासांत फायदा दिसतो तो किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमला; काहींना २ मिलिग्रॅमलाही पुरतो. ९ मिलिग्रॅमपर्यंत गेलं की फायदा वाढत नाही. धडधड, थरथर, मळमळ आणि अस्वस्थता मात्र वाढते. दुसरीकडे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असं म्हटलं. गरोदरपणात दिवसभराची मर्यादा २०० मिलिग्रॅम. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. ५५ किलोच्या माणसाला किलोमागे ६ म्हणजे ३३० मिलिग्रॅम, आणि ते एका वेळच्या २००च्या कितीतरी पुढे जातं. म्हणून मी सगळ्यांना खालच्या टोकापासून सुरुवात करायला सांगतो: किलोमागे २ ते ३, म्हणजे या मुलासाठी ११० ते १६५.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कॅफिन २०० मिलिग्रॅम. तो तेवढंच धरून चालला होता. पण यादीत आणखी खाली "डायकॅफिन मॅलेट १०० मिलिग्रॅम" होतं. हे कॅफिन आणि मॅलिक आम्लाचं संयुग. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कॅफिनच, म्हणजे ७५. त्याच्याही खाली "गवाराना अर्क १५० मिलिग्रॅम, २२ टक्के कॅफिन", म्हणजे आणखी ३३. बेरीज केली: ३०८. भागिले ५५, किलोमागे ५.६. त्याने मोबाइलवरचा आकडा दोनदा तपासला. लेबलवर खोटं काही नव्हतं. एकच पदार्थ तीन नावांनी तीन ओळींत विखुरलेला होता आणि बेरीज करायचं काम वाचणाऱ्यावर सोडलं होतं. ग्रीन टी अर्क, कॉफी बीन अर्क, कोला नट, येर्बा माते ही नावं दिसली तरी तिथे कॅफिन आहे हे धरून चाला.

मग घड्याळ. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. माणसागणिक हा काळ दीड तासापासून नऊ-साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. यकृतातलं जे विकर (एन्झाइम) कॅफिन मोडतं ते काहींचं चपळ असतं, काहींचं मंद. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ जवळपास दुपटीवर जातो. आपण पाच तास धरू. सातला ३०८, रात्री बाराला १५४, पहाटे पाचला ७७. एका कप कॉफीत साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे हा मुलगा अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा दीड कप कॉफी नुकतीच प्यायल्यासारखी त्याची अवस्था असते. २०१३ मधल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरीही झोप तासाभराहून जास्त घटली.

मी विचारलं, झोप कशी आहे? म्हणाला, "एक-दोन वाजतात दादा. सकाळी अंग जड असतं. म्हणून कधी कधी दीड स्कूप घेतो." दीड स्कूप म्हणजे ४६२ मिलिग्रॅम, किलोमागे ८.४. पावडरीने झोप मोडायची, मोडलेल्या झोपेने ताकद कमी व्हायची आणि ती भरून काढायला आणखी पावडर. स्नायू दुरुस्त होतो तो विश्रांतीत. या पोराची विश्रांतीच त्या डब्याने खाल्ली होती.

आता राहिला त्या लेबलचा सगळ्यात अंधारा कोपरा: "पंप मॅट्रिक्स, ५ ग्रॅम". याला प्रोप्रायटरी ब्लेंड म्हणतात. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणाचं एकूण वजन छापावं लागतं, घटकांची नावं उतरत्या वजनाने द्यावी लागतात, पण कोणता घटक किती हे सांगायचं बंधन नाही. वर सांगितलेल्या २०१९च्या छाननीत सुमारे ४४ टक्के घटक अशा मिश्रणांत दडलेले आणि मात्रा न दिलेले निघाले. सूत्र चोरीला जाऊ नये म्हणून हे करतो, असं कंपन्या म्हणतात. मला ते पटत नाही. जो घटक पुरेसा घातलाय त्याचा आकडा लपवून विकणाऱ्याचा काय फायदा?

पण उतरता क्रम हा आपल्या हातातला धागा आहे. या मॅट्रिक्समध्ये क्रमाने पाच नावं होती: सिट्रुलिन मॅलेट, आर्जिनिन, बीटेन, बीटरूट पावडर, द्राक्षबियांचा अर्क. एकूण ५ ग्रॅम. दुसऱ्या क्रमांकाचा घटक पहिल्यापेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून तो जास्तीत जास्त अडीच ग्रॅम. तिसरा पहिल्या दोघांपेक्षा जास्त नाही, म्हणून कमाल १.६७. चौथा कमाल १.२५. एकूण वजनाला क्रमांकाने भागायचं, की वरची मर्यादा मिळते. बीटेनचा थोडाफार उपयोग दिसला तो दिवसाला अडीच ग्रॅमला. इथे तो तिसरा आहे, म्हणजे १.६७च्या वर जाणं शक्यच नाही. बंद मिश्रणातही एवढं सिद्ध करता येतं. आणखी एक युक्ती: मिश्रणातल्या एखाद्या घटकाचा आकडा दिलेला असेल, समजा कॅफिन २०० मिलिग्रॅम, तर त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं २००पेक्षा जास्त असूच शकत नाही.

सिट्रुलिनचं थोडं खुलवून सांगतो, कारण पंपच्या नावाखाली जे विकलं जातं त्यात त्यातल्या त्यात हेच लक्ष देण्यासारखं आहे. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड शरीर आर्जिनिनपासून बनवतं. मग थेट आर्जिनिनच का घेऊ नये? तर ते तोंडाने घेतलं की आतडं आणि यकृत मिळून त्याचा मोठा हिस्सा वाटेतच मोडून टाकतात. सिट्रुलिन त्या जकातीतून सुटतं, मूत्रपिंडात पोहोचतं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं. त्यामुळे सिट्रुलिन घेतल्यावर रक्तातलं आर्जिनिन खुद्द आर्जिनिन घेतल्यापेक्षा जास्त वाढतं. अभ्यासांत वापरलेली मात्रा असते व्यायामाच्या तासभर आधी ६ ते ८ ग्रॅम सिट्रुलिन मॅलेट, किंवा शुद्ध सिट्रुलिन ३ ते ६ ग्रॅम. लेबलवर मॅलेट आहे की शुद्ध, हे नीट बघायचं. २:१ प्रमाणाच्या मॅलेटमध्ये सिट्रुलिन साधारण दोन-तृतीयांश असतं, १:१मध्ये निम्म्याच्या आसपास. ६ ग्रॅम मॅलेट म्हणजे ६ ग्रॅम सिट्रुलिन नव्हे. निकालही एकमुखी नाहीत: काही प्रयोगांत शेवटच्या सेट्समध्ये रेप्स वाढल्या, काहींत काहीच फरक पडला नाही. आपल्या डब्यात तर अख्खं मिश्रणच ५ ग्रॅमचं. त्यात दुसरं काही नसतं तरी ६ भरले नसते.

बीटरूटमध्ये कामाचं असतं ते नायट्रेट, आणि ते लागतं सुमारे ३०० ते ५०० मिलिग्रॅम, व्यायामाच्या दोन-तीन तास आधी. साध्या बीटरूट पावडरीत नायट्रेटचा वाटा अगदी थोडा, त्यामुळे कमाल सव्वा ग्रॅम पावडरीतून त्याच्या जवळपासही पोहोचता येत नाही. जाता जाता एक गोष्ट: नायट्रेटचं पुढचं रूपांतर जिभेवरचे जिवाणू करतात. जंतुनाशक माउथवॉशने गुळणी केली की ती साखळीच तुटते.

टॉरिन ५०० मिलिग्रॅम होतं; अभ्यासांत ते १ ते ६ ग्रॅम वापरतात आणि परिणाम माफकच. टायरोसिन २५० मिलिग्रॅम. थंडीच्या, जागरणाच्या ताणात त्याचा उपयोग तपासला गेला तो किलोमागे १०० ते १५० मिलिग्रॅमने, म्हणजे या मुलाला साडेपाच ग्रॅमच्या पुढे. दोन्ही नावापुरती.

एवढ्यावर भागत असतं तर मी याला नुसता पैशाचा अपव्यय म्हणून सोडून दिलं असतं. पण काही डब्यांत याहून वाईट गोष्टी सापडल्या आहेत. डीएमएए हे उत्तेजक १९४८ मध्ये नाक मोकळं करणारं हुंगायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९८३ मध्ये औषध म्हणून त्याची मान्यता मागे घेतली गेली. २००५ नंतर तेच प्री-वर्कआउटमध्ये अवतरलं, लेबलवर बऱ्याचदा "जिरेनियम अर्क" या निरुपद्रवी नावाने. ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं, रक्तदाब चढवतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये त्यावर बंदी घातली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये कंपन्यांना ताकीद दिली. मिथिलहेक्सॅनामिन, १,३-डायमिथिलअमायलामिन ही त्याचीच नावं. डीएमएचए, अर्थात ऑक्टोड्रिन, हे त्याचं भावंड. ही नावं दिसली की डबा खाली ठेवा. योहिम्बिन या झाडाच्या सालीतून मिळणाऱ्या उत्तेजकाबाबतही मी सावध असतो. ते रक्तदाब वाढवतं, जीव घाबरा करतं, आणि अमेरिकेत ४९ ब्रँड तपासले तेव्हा मात्रा आणि दुष्परिणाम या दोन्हींची बरोबर माहिती लेबलवर देणारे फक्त दोन निघाले होते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तरी स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेला माल घ्यावा, आणि चिन्ह बघून न थांबता डब्यावरचा बॅच क्रमांक त्या तपासणी संस्थेच्या यादीत शोधावा. त्या चिन्हाचा अर्थ बंदी असलेलं काही सापडलं नाही इतकाच. मात्रा पुरेशी आहे की नाही हे ते सांगत नाही. आणि रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, घबराटीचा आजार असेल, नैराश्यावरची किंवा हृदयाची औषधं चालू असतील, किंवा वय १८च्या आत असेल, तर या उत्तेजकांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. व्यायामात छातीत दुखलं, ठोका चुकल्यासारखा वाटला, चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा.

एक व्यवहारातली गोष्ट राहिली. स्कूप घनफळ मोजतो, लेबल वजन सांगतं. पावडर दाबून भरली की एक वजन, सैल भरली की दुसरं. डबा नुसता उभा राहिला तरी बारीक कण तळाशी बसतात. त्यामुळे आधी डबा नीट हलवायचा आणि दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करायचं. आणि पाण्याशिवाय कोरडी पावडर तोंडात टाकायची टूम कृपा करून कोणी करू नका. ठसका लागून पावडर श्वासनलिकेत जाते आणि सगळं कॅफिन एकदम पोटात उतरतं.

"मग हा डबा टाकून देऊ का?" त्याने विचारलं. टाकायची गरज नव्हती. अर्धा स्कूप म्हणजे ५ ग्रॅम, त्यात १५४ मिलिग्रॅम कॅफिन, किलोमागे २.८. तेवढं घ्यायचं, फक्त सकाळी व्यायाम असेल तेव्हा. संध्याकाळी यायचं असेल तर नुसतं पाणी. क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळं, रोज ५ ग्रॅम. बाकी पंप मॅट्रिक्सकडून कसलीही अपेक्षा ठेवायची नाही.

पुढच्या आठवड्यात तो सकाळी सहाला आला. मुंग्या आल्या का, विचारलं. "किंचित, कानामागे." बेंचवर नेहमीचंच वजन लावलं आणि नेहमीच्याच पाच रेप्स निघाल्या. रात्री कधी झोपलास, असं विचारलं तर म्हणाला, साडेदहाला.